एकट्याचं गणित चुकतं

(विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, दोन-चार ठिकाणी दुरुस्त करून.)



मला बोलवायला पोरं आली तेव्हा मी म्हटलं, तुमची काहीतरी गफलत झालीय. मी मॅट्रिक. गणितात काठावर पास. गोदीत लॅशिंगच्या गँगमध्ये काम करतो, रात्री कविता लिहितो. विद्यापीठात गणित शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींना आधार कसा द्यायचा, यावर माझ्यासारख्यानं काय बोलायचं? तर ती म्हणाली, गणितावर बोलायला प्राध्यापक आहेत. तू तुझ्या भावावर बोल.

म्हणून आलोय. भावावर बोलतो.

माझा धाकटा भाऊ. महापालिकेच्या शाळेत, मराठीतनं शिकला. दहावीला गणितात १०० पैकी ९५. वस्तीतली पोरं त्याच्याकडं गणितं सोडवून घ्यायला यायची. बारावी झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला. आईनं उसने पैसे काढून पेढे वाटले. पहिल्या दिवशी कॉलेजच्या गेटपर्यंत मी त्याला सोडायला गेलो आणि थोरल्या भावाच्या तोऱ्यात सांगितलं, "हे बघ, इथं सगळी त्यांची पोरं. कुणाच्या नादी लागू नको. कुणाला काही विचारायला जाऊ नको, आपली अक्कल काढतील. खाली मान घाल आणि एकट्यानं अभ्यास कर."

त्यानं माझं ऐकलं. हाच त्याचा गुन्हा.

दुसऱ्याच आठवड्यात भर वर्गात सर म्हणाले, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." फॉर्म द्यायचे होते म्हणे. फॉर्म नोटीस बोर्डावर लावता आले असते. भाऊ उभा राहिला. खाली बसला तो शेवटच्या बाकावर, आणि पुढं कधी आला नाही. एम-वनला केटी लागली. परत बसला, परत केटी. मी रात्रपाळीवरनं यायचो तेव्हा पोटमाळ्यावर दिवा जळत असायचा. पोरगा पुस्तकावर असायचा. आळशी नव्हता हो. उंडगा नव्हता. दोन वर्षांनी कॉलेज सुटलं. आज भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये खोकी मोजतो.

मी व्यवस्थेला शिव्या घातल्या. कविता लिहिली. कविता छापून आली. भाऊ नापासच राहिला.

मग एका प्राध्यापक मित्रानं मला एका लेखाची झेरॉक्स दिली. इंग्रजी. माझं इंग्रजी म्हणजे कंटेनरवर लिहिलेलं वाचता येतं एवढं. आमच्या वस्तीत बी. एस्सी.ला गणित घेतलेली एक पोरगी आहे. तिनं विहारात बसून मला तो लेख वाचून सांगितला. ऐकताना मला घाम फुटला. तिथं, सात समुद्रापलीकडं, माझ्या भावाची गोष्ट कुणीतरी आधीच लिहून ठेवली होती.

ती जागा कुठली ते आधी सांगतो, कारण तिच्याशी आपलं नातं आहे. १९६६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ब्लॅक पँथर उभी राहिली. तिचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचं नाव आणलं, त्यांचा संताप आणला. पण त्या ओकलंडला लागूनच बर्कली आहे आणि तिथं मोठं विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठात गणिताच्या वर्गात काळ्या पोरांचं काय होत होतं, आणि त्यावर काय केलं गेलं, हे आणायचं आपण विसरलो.

होत होतं ते हे. काळी पोरं आपापल्या शाळेत पहिली येऊन बर्कलीत यायची. कॅल्क्युलसच्या पहिल्याच वर्गात निम्म्याहून जास्त गळपटायची. कॅल्क्युलस नाही तर इंजिनिअर नाही, डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. एका विषयाच्या गाळणीत अख्खी पिढी अडकायची. १९७०च्या दशकात युरी ट्रीसमन नावाचा एक गोरा तरुण तिथं गणित शिकत होता, शिकवतही होता. त्यानं प्राध्यापकांना विचारलं, का होतं असं? उत्तरं आली. या पोरांत जिद्द नाही. यांचा पाया कच्चा. यांच्या घरी शिक्षणाचं वातावरण नाही. गरिबी आहे.

ओळखीची वाटतात ना उत्तरं? आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर हीच देतात. फक्त आवाज खाली करून.

ट्रीसमनला ती पटली नाहीत. त्यानं २० काळी पोरं घेतली आणि २० चिनी वंशाची, जी त्याच वर्गात पुढं असायची. आणि तो त्यांच्यामागं फिरला. वसतिगृहात, लायब्ररीत, त्यांच्या घरी. कशी बसतात, कशी वाचतात, चित्रीकरणसुद्धा केलं. तेव्हा प्राध्यापकांची चारही उत्तरं फुटली. काळ्या पोरांच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून, पाठी लागून पोरांना शिकवलं होतं. जिद्द नसती तर ती पोरं तिथवर आलीच नसती. आणि ज्यांचे प्रवेशाचे मार्क भारी, त्यातलेच कितीतरी आधी पडत होते.

मग फरक कुठं होता? २० काळ्या पोरांपैकी १८ जण वर्गातल्या कुणाबरोबरही कधी अभ्यासाला बसत नव्हते. मास्तरानं सांगितलं तेवढे, आठवड्याला सुमारे ८ तास, इमानदारीनं एकट्यानं अभ्यास करायचे. चिनी पोरं सुमारे १४ तास. त्यातले बरेचसे आधी एकेकटी, पण मग एकत्र. एकत्र जेवायची, एकमेकांची उत्तरं तपासायची, जुन्या परीक्षांचे पेपर काढायची. एकाला अडलं की दुसरा बघायचा. सगळ्यांनाच अडलं तर त्यांना कळायचं की गणितच अवघड आहे, मी बिनडोक नाही.

हे नीट ऐका. एकट्याला अडलं की त्याला वाटतं, मी कमी आहे. पाचजणांना अडलं की त्यांना कळतं, गणित अवघड आहे. माझा भाऊ पोटमाळ्यावर दोन वर्षं "मी कमी आहे" हेच शिकत होता. आणि त्याचा मास्तर मी होतो.

इथं कुणी म्हणेल, चिन्यांच्या रक्तातच गणित असतं. रक्तात गणित असतं म्हणणारा आणि जन्मात लायकी असते म्हणणारा, दोघे एकाच आईचे. रक्तात काही नव्हतं. जेवणाच्या टेबलावर होतं.

आता या एकटेपणाचं बघू. आपला पोरगा एकटा बसतो तो काय हौसेनं? एकटेपणा घडवला जातो. बाबासाहेब शाळेत होते. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याकडं बोलवलं. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले. भीम फळ्याला हात लावायच्या आत पोरं धावली आणि आपापले डबे ओढून घेतले. आणि तिकडं बर्कलीत? डेव्हिड ब्लॅकवेल नावाचा काळा गणिती. १९४१ साली २२ व्या वर्षी डॉक्टरेट. १९४२ मध्ये बर्कलीच्या गणित विभागात त्याला घ्यायचं घाटत होतं. विभागप्रमुखाच्या घरी सहकाऱ्यांना जेवायला बोलवायची रीत. प्रमुखाची बायको म्हणाली, काळा माणूस माझ्या घरात जेवायला चालणार नाही. नोकरी गेली.

इथं डबा, तिथं ताट. फळा आणि जेवण यांचं नातं मनूला बरोबर कळलं होतं. जे एकत्र जेवत नाहीत ते एकत्र शिकत नाहीत. जे एकत्र शिकत नाहीत त्यांच्यातल्या एकाला नापास करणं सोपं असतं.

ब्लॅकवेलचं पुढं काय झालं तेही सांगतो, नाहीतर गोष्ट रडकी होईल. १९५४ साली त्याच बर्कलीला त्याला बोलवावं लागलं. संख्याशास्त्राचा विभागप्रमुख झाला. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडला गेलेला पहिला काळा माणूस झाला. साठाहून जास्त विद्यार्थी त्यानं डॉक्टरेटपर्यंत नेले. २०२४ साली एनव्हिडिया कंपनीनं आपल्या नव्या चिपला त्याचं नाव दिलं. ज्याला ताटावरनं उठवलं, त्याच्या नावाच्या यंत्रावर आज जग चालायला बघतंय.

आणि बाबासाहेबांना? त्यांच्या बुद्धीला तोड नव्हती, पण त्यांनाही हात देणारे भेटले. बागेत एकटं वाचत बसलेलं पोरगं केळुस्कर गुरुजींच्या नजरेला पडलं. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी बुद्धचरित्र हातात दिलं, पुढं बडोद्याच्या महाराजांकडं शब्द टाकला, महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात प्रोफेसर म्युलरांनी पुस्तकं दिली, कपडे दिले. म्हणजे बाबासाहेबांसारख्यालासुद्धा कुणीतरी हुडकावं लागलं. आणि आपण आपल्या पोराला सांगतो, बाबासाहेबांनी एकट्यानं केलं, तूही कर! अठरा तास अभ्यास कर! जयंतीच्या स्टेजवरनं हे सांगून आपण किती पोरं मारली, त्याचा हिशेब कुणी केलाय?

आता उपाय. ट्रीसमननं १९७८ साली बर्कलीत वर्कशॉप चालू केलं. त्याची गंमत अशी की त्यानं पोरांना "तुम्ही कच्चे आहात, या, तुम्हाला सुधारतो" असं म्हटलं नाही. त्यानं म्हटलं, तुम्ही हुशार आहात, तुमच्यासाठी जास्त अवघड गणितं आणलीत. पाच-सात जणांनी एका टेबलाशी बसायचं. कागदावर नेहमीपेक्षा कठीण गणितं. आधी स्वतः झुंजायचं, मग एकमेकांना समजावायचं, भांडायचं, खोडायचं. शिकवणारा उत्तर सांगायचा नाही, फिरत राहायचा, टोचत राहायचा. परिणाम काय? त्या टेबलावरची काळी आणि लॅटिनो पोरं आपल्या आधीच्यांच्या पुढं तर गेलीच, वर्गातल्या गोऱ्या आणि आशियाई पोरांच्याही पुढं गेली. मग ही पद्धत अमेरिकेतल्या दुसऱ्या विद्यापीठांतही गेली.

आपल्याकडं काय आहे? "रेमेडियल" आहे. संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, शेवटच्या खोलीत. दारावर अमुक प्रवर्गासाठी असा कागद. आत दहावीची बेरीज-वजाबाकी परत. ज्याच्या अंगात थोडा जरी स्वाभिमान आहे, तो त्या दारातनं आत जाणार नाही. माझा भाऊ गेला नाही. दयेचं गणित आम्हाला नको. अवघड गणित द्या आणि बसायला टेबल द्या.

आम्ही वस्तीत काय केलं ते थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी विहारात सहा पोरं-पोरी बसवली. बी. एस्सी.ची, इंजिनिअरिंगची. मी शिकवणारा नाही. मी सतरंजी टाकतो, चहा आणतो आणि "मला समजावून सांग" म्हणतो. माझा अडाणीपणा तिथं कामाला येतो.

ती लेख वाचणारी पोरगी एकदा रडकुंडीला आली. म्हणाली, "दादा, लिमिटची व्याख्या पाठ आहे. कळत नाही. एप्सिलॉन-डेल्टा." म्हटलं, मला सांग. ती म्हणाली, "समोरचा म्हणतो, उत्तर अमुक आहे ना, मग मला त्याच्या एवढ्या फरकाच्या आत आणून दाखव. तो फरक म्हणजे एप्सिलॉन. मग मी सांगायचं, एक्सला इतकं जवळ ठेव, म्हणजे तेवढ्यात येईल. ते जवळ म्हणजे डेल्टा. त्यानं फरक कितीही बारीक केला, तरी मला डेल्टा काढून देता आला पाहिजे." मी म्हटलं, "मग हे आमच्या क्रेनसारखं झालं की. कंटेनर खालच्या कंटेनरवर नेमका बसवायचा असतो. खालचा म्हणतो, दोन बोटांच्या आत आण. वरचा त्या मापानं हात आवरतो. खालचा म्हणतो, आता एका बोटाच्या आत. वरचा अजून आवरतो."

पोरगी गप्प झाली. मग एकदम म्हणाली, "नाही दादा. क्रेनला कुठंतरी हद्द असते. एका मर्यादेनंतर क्रेनवाला म्हणेल, आता होत नाही. गणितात असं म्हणता येत नाही. कितीही बारीक मागितलं तरी द्यावं लागतं. तेच तर लिमिट!"

माझं उदाहरण जिथं फसलं, तिथं तिचं गणित सुटलं. मी तिला काही शिकवलं नाही. तिला माझी चूक काढायची संधी मिळाली. कॉलेजात तिला कुणी कधी चूक काढू दिली नव्हती.

सहांपैकी चौघांच्या केटी सुटल्या. एकीची अजून आहे. एक मधेच सोडून गेला, घरचा बाप आजारी, कमवायला लागला. खोटं सांगणार नाही. सतरंजी आणि चहानं पोट भरत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटीवर महिनोन् महिने लटकतात, त्याला गटात बसून अभ्यास हे उत्तर नाही. त्याला मोर्चाच.

म्हणून कुणी सरकारी माणूस इथं बसला असेल तर त्यानं हे भाषण ऐकून खूश होऊ नये, की चला, ही पोरं आपापलं बघताहेत. बर्कलीतलं ते वर्कशॉप विद्यापीठाच्या आत होतं. विद्यापीठाची खोली, विद्यापीठाची माणसं. आमच्याकडं? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं लोकसभेत आकडा दिला. पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम यांतनं अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे १३ हजारांहून जास्त विद्यार्थी बाहेर पडले. मंत्री म्हणाले, पोरांना पर्याय असतात, ती एक जागा सोडून दुसरीकडं जातात. जात असतील काही. भिवंडीच्या गोडाऊनलाही पर्यायच म्हणतात का, एवढं सांगा.

त्याच २०२३ साली मुंबईच्या आयआयटीला नियम काढावा लागला, की कुणी कुणाला जेईईचा रँक विचारू नये, जात विचारू नये. नियम काढावा लागला म्हणजे विचारत होते. रँक विचारणं म्हणजे काय? आडनाव विचारायची इंग्रजी पद्धत.

काही कार्यकर्ते मला म्हणतात, गणितं सोडवून क्रांती होते का? मी म्हणतो, बॉब मोझेसला विचारा. १९६४ साली मिसिसिपीत काळ्यांची नावं मतदार यादीत घालायला जीव धोक्यात घालून फिरणारा हा कार्यकर्ता. पुढं १९८२ पासून त्यानं काळ्या पोरांना बीजगणित शिकवायची चळवळ उभी केली. त्याचं म्हणणं, काल मतदानाचा हक्क नसणं म्हणजे गुलामी होती, आज गणित नसणं म्हणजे तीच गुलामी. २०२१ साली वारला, शेवटपर्यंत तेच करत होता. मोर्चा सोडून तो गणिताकडं गेला नाही. मोर्चाच वर्गात घेऊन गेला.

आपण नामांतरासाठी लढलो. १९७८ ते १९९४. पोचिराम कांबळेंना मारलं. घरं जाळली. विद्यापीठाच्या गेटवर बाबासाहेबांचं नाव लागावं म्हणून आपण रक्त दिलं, आणि नाव लागलं. पण गेटवर बाबासाहेबांचं नाव आणि आत शेवटच्या बाकावर त्यांचा नातू एकटा? हे नामांतर अर्धं आहे. उरलेलं अर्धं आता करायचंय.

कसं, ते चार वाक्यांत सांगतो. प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेली आपली पोरं पहिल्याच आठवड्यात हुडका, पाच-सहांचा गट करा, त्यात मुली हव्यात आणि दुसरी कुणी यायला तयार असतील तर त्यांनाही घ्या. आपल्यातले जे एम. एस्सी., पीएच. डी. झालेत, फ्लॅटमध्ये राहायला गेलेत, त्यांनी आठवड्याला दोन तास परत द्यायचे, वर्गणी नको, तास हवेत. कॉलेजकडं खोली मागा, अवघड गणितं मागा, मार्गदर्शकाचा पगार मागा, आणि "रेमेडियल" नावाची पाटी उतरवायला लावा. आणि वर्गात हात वर करून विचारा, चुकलं तरी विचारा.

बाबासाहेबांचे तीन शब्द आपण रोज घोकतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. आपण समजलो, ही तीन वेगळी कामं. आधी एकट्यानं शिका, नोकरी लागली की संघटित व्हा, रिटायर झाल्यावर संघर्ष करा. माझ्या भावानं मला शिकवलं की तसं नाही. शिकतानाच संघटित व्हावं लागतं, नाहीतर शिकूच देत नाहीत.

गोदीत एकट्या माणसाला कुणी कामावर लावत नाही. गँग लागते. एकट्यानं कंटेनर बांधायला गेलेला माणूस हात तोडून घेतो. हे मला रोज दिसत होतं. तरी मी माझ्या भावाला कॉलेजात एकटा पाठवला.

गेल्या महिन्यात मी त्याला म्हटलं, रविवारी विहारात ये. तो म्हणाला, आता काय उपयोग? म्हटलं, पोरांना एम-वन समजावून सांग. तुला त्यातलं सगळं येतं, मला माहिताय. मागच्या रविवारी आला. कोपऱ्यात बसला. तासाभरानं एका पोरानं इंटिग्रेशन चुकवलं, तेव्हा तो उठला आणि खडू घेतला.

फळ्यामागं डबे नव्हते. डबे मधोमध उघडून ठेवले होते.

जय भीम.